कापडाच्या मागची बाजू

लग्नसराई सुरू झाली की माझं डोकं फिरतं. वर्तकनगरच्या आमच्या इमारतीखालून संध्याकाळी एक टेम्पो जातो, त्यावर माणसाहून उंच स्पीकर असतात, पुढे हळदीत माखलेली पोरं नाचत असतात आणि आमच्या खिडक्यांची तावदानं थडथडतात. शेजारच्या वहिनी गॅलरीतून विचारतात, "तुमच्याच लोकांची हळद ना हो बाई? काय हौस तरी!" मी हो म्हणते आणि खिडकी लावून घेते. आमच्या लोकांच्या हळदीला एके काळी एका बाईचा गळा पुरत असे, ती बाई माझी आई होती, आणि पुढे तिला त्याच मांडवांतून हद्दपार केलं, हे सगळं गॅलरीत उभं राहून कसं सांगणार?

यंदा त्यात भर म्हणून प्रशांत आला. हा माझ्या भावाचा मुलगा. आमचं गाव डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीकाठी. मिठागरं गेली, भातशेती गेली, जमिनीला भाव आला, मग गावात मंडळं झाली आणि मंडळांचे महोत्सव सुरू झाले. प्रशांत त्यातल्या एकाचा कार्याध्यक्ष आहे. सोफ्यावर टेकता टेकताच तो म्हणाला, "आत्या, यंदा आपण मोठ्या आजीचा सत्कार ठेवलाय. गावची शेवटची धवलारीण! शाल, मानपत्र, सगळं एकदम कडक. तुझ्याकडे त्या जुन्या स्लाईड आहेत ना, त्या दे. स्कॅन करून एलईडी वॉलवर टाकतो."

मोठी आजी म्हणजे माझी काकी, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आता नव्वदीला टेकली आहे.

"आणि तुझी सख्खी आजी कोण होती रे?" मी विचारलं.

"ती पण गायलेली ना थोडंफार?"

थोडंफार! मी उठून त्याला चहा करून दिला, कारण दुसरं काही केलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. स्लाईड मात्र दिल्या नाहीत. आधी मला त्या स्वतः बघायच्या आहेत, असं सांगून त्याला वाटेला लावलं.

धवलारीण म्हणजे काय, हे आता आमच्याच मुलांना सांगावं लागतं. आमच्या आगरी लग्नांत भटजी नंतर आले. त्याआधी लग्न लावायची ती धवलारीण. तांदळाच्या पिठाचा चौक तिने भरायचा, पहिली हळद तिने लावायची, नवरीच्या कपाळी पहिलं कुंकू तिच्या हातचं. आणि हे सगळं गात गात. त्या गाण्यांना धवले म्हणतात. कुठेही लिहिलेले नसत, एकीच्या तोंडून दुसरीने उचलायचे. आईने तिच्या आजीकडून उचलले होते. दिवसभर मिठागरावर टोपल्या वाहून, खारं पाणी लागून भेगाळलेल्या टाचांना तेल लावून ती संध्याकाळी मांडवात जाऊन बसायची, आणि तिने पहिला सूर लावला की पोरं रडायची थांबायची. ही मुलीची फुशारकी नव्हे. मी तिच्या मांडीला टेकून बसलेली असायचे, मला ते दिसायचं.

तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. ओली हळद, तांदळाचं पीठ, नव्या मांडवावरचा आंब्याचा टहाळा, आणि सगळ्यांवर खाडीचा उग्र, खारट वास. मी सहावीत होते. आईचा आवाज बसला की ती आल्याचा तुकडा गुळाबरोबर गालात धरून ठेवायची आणि माझ्याशी नुसत्या हातवाऱ्यांनी बोलायची. मिठाचे ढीग दुपारी बघवत नसत, डोळे दिपायचे. दुपारी मीठ आणि संध्याकाळी हळद, असा पांढऱ्यापिवळ्या रंगाचा तो हंगाम होता. त्या वर्षी लग्नं पुष्कळ होती आणि प्रत्येक लग्नाला आई होती.

त्याच हंगामात एक गृहस्थ आमच्याकडे येऊ लागले. डोंबिवलीला बँकेत होते, फोटोंचा नाद होता. त्यांचा कॅमेरा चौकोनी डब्यासारखा, पोटाशी धरायचा आणि वरून मान घालून त्यात बघायचं. गावाला वाटायचं हा मनुष्य सतत खाली मान घालून कोणाला तरी नमस्कार करतोय. आम्ही त्यांना बँकवाले सर म्हणायचो. ते मांडवाच्या कडेला उभे राहायचे, कधी मध्ये यायचे नाहीत, आणि निघताना आईला म्हणायचे, "बाई, हे सगळं मी तुम्हाला मोठं करून दाखवणार." आई पदराआड हसायची. तिचा फोटो त्याआधी कोणी काढलेला नव्हता.

बँकवाले सर वारल्यावर त्यांच्या मुलीने डोंबिवलीचं घर आवरताना ती पेटी माझ्याकडे आणून दिली. त्यालाही बरीच वर्षं झाली. लाकडी पेटी, आत खाचा, खाचांत उभ्या काचा. दोन काचांमध्ये दाबलेली रंगीत फिल्म, चारी कडांना काळी कागदी पट्टी. नेहमीच्या स्लाईडपेक्षा चांगल्याच मोठ्या, माझा तळहात जवळजवळ झाकतील एवढ्या. मी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. आमच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्टर होता, पण त्याच्या खाचेत या काचा शिरेनात. उजेडाकडे धरून बघितलं तर माणसं मुंगीएवढी. त्यातल्या एका काचेने माझ्या आईचं नाव घालवलं होतं, आणि ती कशी, हे मला नीट बघायचं होतं. स्कॅन करणाऱ्याने ती काच हवी तशी ठेवली असती. ती सुलट घातली होती की उलटी, हाच तर माझा प्रश्न होता. ती जशी त्या संध्याकाळी दाखवली गेली, तशीच मला दिसायला हवी होती.

म्हणून प्रशांत गेल्यावर मी मशीन शोधायला लागले. शेवटी शहाडला एका भंगाराच्या गोदामात ते सापडलं. गोदामवाला म्हणाला, "मॅडम, सिनेमाची मशीन आहे, शोपीस म्हणून हॉटेलवाले नेतात." सिनेमाची नव्हती. सिनेमाच्या यंत्राला रिळं अडकवायचे दांडे असतात, दातेरी चाकं असतात, याला तसलं काही नव्हतं. पुस्तकाचं पान भिंतीवर पाडणारं यंत्र म्हणावं तर वरती आरसा नव्हता. फोटो मोठे करायच्या यंत्रात दिवा डोक्यावर असतो, इथे तो मागे, आडवा. मधोमध पितळी चौकट, तिला दोन घरं, ती डावी-उजवीकडे सरकवायची, म्हणजे एक स्लाईड दिसत असताना दुसरी बदलता येते. कंपनीची पट्टी कोणीतरी उचकटून नेली होती. मी घरून स्लाईडच्या मापाचा पुठ्ठा कापून नेला होता. तो त्या घरात अलगद बसला. मग झाकण उघडून आत बघितलं. दिव्यापुढे दोन फुगीर भिंगं, तळव्याएवढी, आणि त्यांच्यामध्ये हिरवट झाक असलेली साधी काच. ती काच नसेल तर दिव्याची धग थेट फिल्मवर येते आणि फिल्म सुरकुतते. काच होती, तडा नव्हता. गोदामात उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले आणि गोदामवाल्याला वाटलं धुळीने.

घरी आणून वायर बदलून घेतली, भिंगं मऊ फडक्याने पुसली. असल्या यंत्रात आधी पंखा लावायचा, तो नीट फिरतोय हे कानाने ऐकायचं, मग दिवा. थोडा वेळ करपलेल्या धुळीचा वास आला आणि मग थांबला. आधी मी कोरी काच घालून बघितली. आमचा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नाही, नुसती मोकळी चौकट आहे. तिथे मी पांढरी चादर ताणून बांधली. दुपारची वेळ, खिडक्यांवर सोलापुरी चादरी टाकल्या. घामाने मी भिजून गेले होते, पण छताचा पंखा लावला तर चादर हलली असती.

आता स्लाईड घालायची कशी, हे सांगते. उलटी घालावी लागते, डोकं खाली, तरच चित्र सरळ पडतं. शिवाय पुढची बाजू मागे झाली तर डावं उजवीकडे जातं. चुकायच्या वाटा सात, बरोबर एकच. म्हणून जाणकार माणूस प्रत्येक स्लाईडच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर ठिपका चिकटवतो आणि उजव्या हाताचा अंगठा त्या ठिपक्यावर ठेवून स्लाईड आत सोडतो. बँकवाल्या सरांनी तसे लाल कागदाचे ठिपके लावले होते. त्यांच्या पेटीत टिटवाळा स्टेशनचाही एक फोटो होता. तो मी आधी घातला. पाटीवरची अक्षरं सरळ वाचता आली. ठिपके सगळीकडे त्याच कोपऱ्यावर होते.

मग ती काच घातली. आई दिसली. माझ्यापेक्षा किती लहान! यमुना नावाची नवरी डोळे मिटून बसली आहे, आई पुढे वाकली आहे, तोंड उघडं, गाणं चालू, आणि तिचा हात यमुनेच्या कपाळावर कुंकू टेकवतोय. उजवा हात. अगदी लख्ख उजवा.

मी काच काढून ठिपका पुन्हा तपासला, काच परत घातली. हात उजवाच.

आता ती संध्याकाळ सांगायला हवी. त्या हंगामानंतर पाऊस लागला आणि आषाढात यमुनेचा नवरा होडीतून खाडीत पडून गेला. पोरगी सहा महिन्यांच्या आत माहेरी परत आली. गावात कुजबुज होती, पण ती कोणावर टेकलेली नव्हती. तुळशीचं लग्न उरकल्यावर बँकवाले सर दिलेला शब्द पाळायला मशीन घेऊन आले. भाताच्या गिरणीतून वायर ओढली. गावदेवीच्या देवळापुढे दोन बांबू रोवले आणि त्यांच्यामध्ये धोतर ताणलं. तेव्हा आमच्याकडे बायका आणि पुरुष एका बाजूला बसत नसत. पुरुष मशीनच्या बाजूला बसले आणि बायका धोतराच्या पलीकडे, देवळाच्या पायरीकडे. त्यांनाही दिसावं म्हणून सरांनी दोन बादल्या पाणी मागवून धोतर ओलं केलं. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसतं. भला माणूस होता. मी आईजवळ, अर्थात पलीकडेच.

पहिल्या चित्रांना बायका नुसत्या ओरडत होत्या, ती बघ तू, ती बघ मी. मग धोतरावर यमुना आली आणि सगळ्या गप्प झाल्या. त्या गप्पपणात काकीचा आवाज आला. "बगा गो, डावे हातान कुकू लावलान तिनी!"

आणि आम्हाला खरंच डावा हात दिसत होता. माझ्या डोळ्यांनी मी बघितला. धोतरातून पाणी ठिबकत होतं आणि माझ्या आईचा डावा हात यमुनेच्या कपाळावर होता.

आई एवढंच म्हणाली, "मी उजवेच हातान लावलां." तिच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळ्या कापडाकडे बघत होत्या.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "मना त उजवाच दिसला." दुसऱ्या दिवशी ते चार बायकांना तसं सांगूनही आले. बायका म्हणाल्या, नवरा हाय, तो तसाच बोलनार. बाकीच्या पुरुषांनी हात बघितलाच नव्हता, ते नवरी बघत होते. आणि बायकांचं बायकांनी बघावं हे म्हणायला पुरुष नेहमीच तयार असतात. मला वाटलं वडील मायेपोटी खोटं बोलतायत. पुढे शिकले, तेव्हा ठरवून टाकलं की सरांनी ती एक काच उलटी घातली असणार. तेवढा एक शब्द कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण तोवर गावाचं ठरून गेलं होतं.

पुढच्या हंगामात आईला एकही बोलावणं आलं नाही. पहिल्या लग्नाच्या दिवशी ती नेहमीसारखी तयार होऊन ओट्यावर बसली होती. मांडव आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथून सूर ऐकू आला, तो काकीचा. आई उठली, लुगडं बदललं, आणि भाकऱ्या थापायला बसली. त्यानंतर ती मांडवात गेली ती पाहुणी म्हणून, मागच्या रांगेत. तिचे ओठ हलताना मी बघितले आहेत. काकी एखादी ओळ चुकली की आईचे ओठ थांबायचे आणि पुढची ओळ आली की पुन्हा हलायचे. माझ्या लग्नातही ती गायली नाही. मी हट्ट धरला, पाया पडले, तर म्हणाली, "तुजे संसारावर बोट कोनी दाखवाचां?" माझं लग्न आम्ही कल्याणच्या कार्यालयात भटजीकडून लावून घेतलं. माझ्या कपाळी तिच्या हातचं कुंकू लागलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

तर त्या दुपारी मी हॉलमध्ये जमिनीवर बसले होते आणि चादरीवर आईचा उजवा हात होता. ठिपका बरोबर होता, सर बरोबर होते, वडीलही खरं बोलत होते. मग मला डावा दिसला तो कुठून? घसा सुकला होता म्हणून पाणी प्यायला चादरीखालून वाकून स्वयंपाकघरात गेले, माठातून पाणी घेतलं आणि वळले. पातळ चादरीतून चित्र आरपार दिसत होतं. आईचा डावा हात.

मुलांना मी आयुष्यभर शिकवलं की आरशात डाव्याचं उजवं होतं. कागदावर लिहून तो उजेडाकडे धरून मागून वाचायला लावलं. पण त्या संध्याकाळचं धोतर माझ्या मनात कधी वर्गातल्या फळ्यापाशी आलं नाही. दुखऱ्या जागी माणूस भौतिकशास्त्र लावत नाही. बायकांना मागे बसवलं, एवढंच झालं होतं. त्यांच्या डोळ्यांनी खरं तेच बघितलं होतं, फक्त ते मागून. मला त्या सगळ्यांची कीव आली. काकीचीसुद्धा आली. वाटलं, बिचारीला काय कळणार, आपणच सांगायला हवं. नव्वदीला टेकली आहे, हे ऐकून तिच्याही जिवाला बरं वाटेल. सत्काराच्या दिवशी माईकवर आईचं नाव तिने एकदा घेतलं तरी मला पुरे होतं. मला दुसरं काही नको होतं.

प्रशांतला सांगून मी मशीन गाडीत घातलं आणि गावी गेले. काकीचा आता दोन मजली बंगला आहे. जिन्याला स्टीलचे कठडे, दिवाणखान्यात झुंबर. ती खुर्चीत बसली होती, पाय सुजलेले, पण नजर शाबूत. मी पडदे ओढले, मधल्या दारात चादर बांधली. प्रशांत बाहेर फोनवर होता. मी आधी तिला पुढे बसवून ती काच दाखवली आणि मग हाताला धरून चादरीच्या मागे नेलं. शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, बघ काकी, पुढून उजवा, मागून डावा, तुम्ही मागे बसला होतात म्हणून तसं दिसलं, कोणाची चूक नाही.

तिने चित्र मागून नीट बघून घेतलं. मग खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "मना तवाच ठाव व्हतां."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिने हाताने थांबवलं.

"समद्या बायकांचं पदर उलटे खांद्यावर दिसत व्हतं. माजा पन. आमी काय आंधल्या व्हतो? समद्यांनाच ठाव व्हतां, गो."

"मग का बोललीस?"

"ती गायाला लागली का माजेकरं कोन बगाचा? मना पन गावाचां व्हतां." तिच्या आवाजात काही नव्हतं, ना राग ना पस्तावा. "आन यमुनेचा घरवाला गेलेला. कोनाचे तरी डोक्यावर ते जावालाच पायजे व्हतां."

यंत्राचा पंखा घरघरत होता. इतकी वर्षं मी एक चूक शोधत होते. चूक सापडली असती तर ती दुरुस्त तरी झाली असती. इथे कोणाची चूक झालीच नव्हती. एका ओळीत बसलेल्या बायांनी, ज्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या कपाळी माझ्या आईने कुंकू लावलं होतं, जाणूनबुजून डोळे मिटले होते. आणि मला आता वाटतं, आईलाही ते ठाऊक असणार. तिचाही पदर तिला दिसलाच असेल. म्हणूनच ती एकदाच बोलली आणि गप्प झाली.

काकी पुढे वाकली. म्हातारीचे डोळे चादरीवरच होते, आणि त्यांत मला लहान मुलीची हाव दिसली. "माजा फोटू हाय का त्यान? माजा मोठा फोटू मी कदी बगला नय. लाव ना गो."

होता. पेटीतच होता. नाकात नथ, केसात अबोली, हसणारी, देखणी काकी. घरी त्या दुपारीच मी तो बघून ठेवला होता.

आईने तो लावला असता. मी दिवा बंद केला आणि म्हटलं, "नाही काकी. तुझा एकही नाही."